दुसरा क्रमांकच नसलेली शर्यत : पाचरकोफेल, ५ फेब्रुवारी १९७६

अंगावर पंधरा नंबर, चिकटून बसलेला पिवळाधमक सूट, आणि खाली डोंगराच्या अंगाखांद्यावर साठ हजार माणसं. फ्रान्झ क्लामर स्टार्टला उभा राहिला तेव्हा आधीचे चौदाजण उतरून झाले होते. त्यांतल्या तिसऱ्यानं, स्वित्झर्लंडच्या बर्नहार्ड रुसीनं, १ मिनिट ४६.०६ सेकंदांची वेळ लावून ठेवली होती. ती कुणालाच मोडता आली नव्हती. रुसी १९७२च्या ऑलिम्पिकचा विजेता. क्लामर बावीस वर्षांचा, ऑस्ट्रियाच्या कारिंथिया प्रांतातल्या मोसवाल्ड नावाच्या लहानशा गावचा. डोंगर ऑस्ट्रियातला, ऑलिम्पिक ऑस्ट्रियात, आणि शर्यत ऑस्ट्रियाच्या सगळ्यांत जिव्हाळ्याची: पुरुषांची डाउनहिल, म्हणजे पायांत स्की चढवून बर्फाच्या लांब उतारावरून एका दमात, जमेल तितक्या वेगानं खाली येण्याची.

पुढे काय झालं ते स्कीइंगशी जराही संबंध असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. क्लामर १:४५.७३ मध्ये खाली आला आणि ३३ शतांश सेकंदांनी जिंकला. ही गोष्ट बहुतेक वेळा ‘घरच्या प्रेक्षकांनी त्याला उचलून नेलं’ अशी सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. घरानं क्लामरला वेग दिला, याला फारसा पुरावा सापडत नाही. घरानं त्याच्याकडून एक गोष्ट मात्र काढून घेतली, आणि शर्यत तिथे ठरली.

घर मिळालं कसं

हे ऑलिम्पिक मुळात अमेरिकेत, डेन्व्हरला व्हायचं होतं. १९७२च्या नोव्हेंबरात कोलोरॅडोच्या मतदारांनी त्यासाठी सरकारी पैसा ओतायला नकार दिला आणि डेन्व्हरनं यजमानपद सोडलं. १९७३च्या फेब्रुवारीत ते ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुककडे आलं, कारण १९६४च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी उभारलेलं बरंच काही तिथे तयार होतं. उद्घाटनाला दोन ज्योती पेटवल्या गेल्या, एक १९६४ची आणि एक १९७६ची. क्लामरचं ‘घरचं मैदान’ असं कोलोरॅडोतल्या करदात्यांनी त्याच्या पदरात टाकलेलं होतं. मतदान उलटं झालं असतं तर त्याला आणि रुसीला एकाच परक्या डोंगरावर उतरावं लागलं असतं.

इन्सब्रुकजवळच्या या डोंगराला, पाचरकोफेलला, आधीचाही इतिहास होता. १९६४ मध्ये याच डोंगरावर ऑस्ट्रियाच्या एगॉन झिमरमाननं डाउनहिल जिंकली होती. त्याच वेळी सरावात ऑस्ट्रेलियाचा रॉस मिल्न झाडावर आदळून मरण पावला होता. ऑस्ट्रियन प्रेक्षकाला अर्थात झिमरमानच आठवत होता. कारण त्यानंतर पुरुषांच्या डाउनहिलचं ऑलिम्पिक सुवर्ण ऑस्ट्रियात आलेलंच नव्हतं. १९६८ ला ते फ्रान्सच्या जाँ-क्लोद किलीनं नेलं, तेही ग्रेनोबलच्या खेळांत, म्हणजे त्याच्या घरी. १९७२ ला रुसीनं.

१९७२ ची ठसठस वेगळीच होती. साप्पोरोचे खेळ सुरू होण्याच्या तोंडावर आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांच्या हट्टापायी ऑस्ट्रियाचा मोठा स्कीपटू कार्ल श्रांत्स हौशी नव्हे, व्यावसायिक ठरवून बाहेर काढला गेला. तो व्हिएन्नाला परतला तेव्हा रस्ते माणसांनी फुलून गेले होते. एका न खेळलेल्या खेळाडूचं असं स्वागत! त्या ऑलिम्पिकात ऑस्ट्रियाला अल्पाइनमध्ये, म्हणजे डोंगरउतारावरच्या स्कीइंगमध्ये, एकही सुवर्ण मिळालं नाही. चार वर्षांनी खेळ आपल्याच अंगणात आले, तेव्हा लोकांना नुसतं पदक नको होतं. त्यांना हिशेब चुकता करून हवा होता.

ओझं एकाच्याच खांद्यावर का पडलं

कारण तो जिंकतच होता. १९७४-७५ च्या वर्ल्ड कप हंगामातल्या, म्हणजे हिवाळाभर ठिकठिकाणी होणाऱ्या शर्यतींच्या मालिकेतल्या, नऊ डाउनहिलपैकी आठ क्लामरनं जिंकल्या. नववी, मेजेव्हची, हुकली ती स्की निसटल्यामुळे. जानेवारी १९७५ मध्ये पाचरकोफेलवर ऑलिम्पिकची रंगीत तालीम म्हणून शर्यत झाली, तीही त्याचीच. ऑलिम्पिकच्या आधीच्या जानेवारीत वेंगन आणि किट्झब्यूल, या दोन सर्वांत अवघड उतारांवर तो पहिला आला. महिलांमधली ऑस्ट्रियाची सम्राज्ञी आनेमारी मोझर-प्र्योल त्या हिवाळ्यात स्पर्धेतच नव्हती. उरला कोण?

स्की हा तिथला नुसता खेळ नाही, तो धंदाही आहे. स्की बनवणाऱ्या कंपन्या, खोऱ्याखोऱ्यांतली हॉटेलं आणि लिफ्ट, सगळ्यांना विजेता लागतो. क्लामरला ऐन ऑलिम्पिकच्या वेळी टोकाला भोक असलेली नवी स्की वापरण्याचा आग्रह होत होता. त्यानं ती नाकारली आणि हातातली, म्हणजे पायातली, जुनीच स्की घेऊन उतरला. ही बारीकशी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सगळा देश अंगावर बसलेला असताना ‘नाही’ म्हणण्याइतकं भान या पोराकडे होतं.

याच चित्रात न बसणारी आणखी एक नोंद आहे, आणि ती फारशी कुणी काढत नाही. डिसेंबर १९७५ मध्ये श्लाडमिंगला वर्ल्ड कपची डाउनहिल झाली. श्लाडमिंग ऑस्ट्रियातच. प्रेक्षक ऑस्ट्रियन, बर्फ ऑस्ट्रियन. जिंकला कॅनडाचा डेव्ह आयर्विन. त्याच्या थोडं आधी फ्रान्समध्ये व्हाल दिझेरला कॅनडाचाच केन रीड जिंकला होता. दुसऱ्या बाजूला, क्लामर वेंगनला जिंकला तो स्विस लोकांच्या घरात, त्यांच्या लाऊबरहॉर्नच्या उतारावर, रुसीच्या माणसांसमोर. घरी जिंकतो आणि बाहेर हरतो असा हा गडीच नव्हता. त्या काळात तो सगळीकडेच जिंकत होता, आणि क्वचित कुठेतरी हरत होता.

यजमानाच्या हाती असतं काय

क्रिकेटमध्ये यजमान आपल्याला हवी तशी खेळपट्टी बनवून घेतो, ही तक्रार आपल्या कानांच्या सवयीची आहे. स्कीइंगमध्ये तेवढी मोकळीक नाही. डाउनहिलचा मार्ग आंतरराष्ट्रीय महासंघाच्या देखरेखीखाली ठरतो. शर्यतीआधीचे अधिकृत सराव सगळ्या देशांना सारखेच मिळतात. स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या वळणावळणांच्या शर्यतींत तर गेट, म्हणजे ज्यांतून वळत जायचं त्या काठ्या, कुठे रोवायचे हे प्रत्येक फेरीसाठी चिठ्ठीनं निवडलेला कुठल्यातरी संघाचा प्रशिक्षक ठरवतो. स्पर्धकांना ते त्या दिवशीच, बाजूबाजूनं घसरत जाऊन, डोळ्यांनी पाठ करावे लागतात.

शिवाय इथे पंचांवर दडपण आणायची सोय नाही. फुटबॉलमधल्या घरच्या फायद्याचा बराचसा भाग प्रेक्षकांच्या आरड्याओरड्यानं पंचांचे निर्णय झुकण्यातून येतो, असं संशोधक सांगत आले आहेत. स्कीइंगमध्ये निर्णय घड्याळ देतं. गेट चुकला की नाही एवढंच माणूस बघतो. हिवाळी ऑलिम्पिकच्या १९९८ पर्यंतच्या निकालांचा धांडोळा घेणारा एक ब्रिटिश अभ्यास २००१ मध्ये आला. त्यात गुण देणारे पंच असलेल्या खेळांत यजमानांचा फायदा जास्त दिसला. पण अल्पाइन स्कीइंगमध्येही थोडा दिसला आणि त्याचं श्रेय अभ्यासकांनी ओळखीला दिलं: जागेची, हवेची, बर्फाची ओळख.

ही ओळख म्हणजे काय ते जवळून पाहायला हवं. बर्फ एकसारखा नसतो. ताज्या बर्फाचे कण टोकदार असतात, जुन्याचे गोलावलेले. रात्रीचं तापमान, हवेतला दमटपणा, सकाळी कुठला पट्टा सावलीत राहतो, यावर स्कीच्या तळाला कुठलं मेण लावायचं आणि तळाच्या बारीक खाचा कशा ठेवायच्या हे ठरतं. मेण चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही सपाट भागात माणूस मागे ओढल्यासारखा चालतो. यजमान संघातल्या तंत्रज्ञांकडे त्या डोंगराच्या अनेक हिवाळ्यांच्या नोंदी असतात. स्पर्धकाच्या पायांनाही उंचवटे माहीत असतात: इथे हवेत फेकलं जाणार, इथे उतरतानाच पुढचं वळण पकडायचं. हे नुसतं डोक्यानं लक्षात ठेवून भागत नाही, अंगात मुरावं लागतं.

शिवाय आपल्या माणसांत राहायचं, आपलं जेवण, आपली भाषा, प्रवासाचा शीण नाही. हे सगळं मिळून काही शतांश सेकंद होत असतील. डाउनहिलमध्ये काही शतांश ही थोडी गोष्ट नाही.

पण मग हा फायदा सगळ्याच ऑस्ट्रियनांना मिळायला हवा होता. त्या दिवसाचे पहिले सहा असे: क्लामर, रुसी, इटलीचा हर्बर्ट प्लांक, स्वित्झर्लंडचा फिलिप रू, कॅनडाचा केन रीड, अमेरिकेचा अँडी मिल. दुसरा एकही ऑस्ट्रियन नाही. तोच डोंगर, तीच ओळख, तेच तंत्रज्ञ, तेच प्रेक्षक. पुढच्या दिवसांत पुरुषांच्या जायंट स्लॅलम आणि स्लॅलममध्येही ऑस्ट्रियाच्या हाती काही लागलं नाही. महिलांत ब्रिगिटे टोचनिगनं डाउनहिलचं रौप्य मिळवलं, सुवर्ण पश्चिम जर्मनीच्या रोझी मिटरमायरनं नेलं. अख्ख्या ऑलिम्पिकात यजमानांना अल्पाइनचं एकच सुवर्ण मिळालं. घर इतकं बलवान असतं, तर निकालाच्या पानावर ते कुठेतरी आणखी दिसलं असतं.

एक मिनिट पंचेचाळीस सेकंद

त्या धावेचं चित्रण आजही पाहायला मिळतं. मी ते अनेकदा पाहिलंय, आणि निकाल माहीत असूनही दर वेळी वाटतं, हा पडणार.

एरवी चांगली डाउनहिल पाहताना काही घडतच नाही असं वाटतं. गुडघे दुमडलेले, हात पुढे, हनुवटी खाली. अंगाची गठडी वळलेला माणूस उतारावरून गुपचूप घरंगळत येतो. दिसण्यात गंमत नाही, पण घड्याळाला तेच आवडतं. रुसीची धाव या वळणाची होती: नीट, आटोपशीर, जाणकाराला दाद द्यावीशी वाटेल अशी.

क्लामरची धाव सुरुवातीपासून विस्कटलेली. पहिल्या फळीतल्या पंधरा जणांत त्याला चिठ्ठीत शेवटचा क्रमांक आला होता. त्यामुळे आधीच्या चौदाजणांनी उकरलेल्या खाचांवरून त्याला जायचं होतं. उंचवट्यावरून उडाला की एक पाय दुसऱ्यापेक्षा वर जातो. उतरतो तो मागच्या बाजूला झुकून. तोल सावरायला हात गरागरा फिरतात, कुठे एक स्की हवेत, एक बर्फावर. वळणांना तो इतका बाहेर फेकला जातो की कुंपण आणि काठाला उभी माणसं अगदी अंगावर येतात. शर्यत संपल्यावर त्यानंच सांगितलं की आपण आता पडतो, मग पडतो असं त्याला वाटत होतं.

वाटेत मध्येच नोंदल्या जाणाऱ्या वेळेत तो रुसीच्या मागे होता, सेकंदाच्या साधारण पाचव्या भागानं. डाउनहिलमध्ये तिथून पुढे येणं कठीण असतं. उतरणाऱ्याला स्वतःची मधली वेळ दिसत नाही, पण आपण चुका केल्यात हे त्याच्या पायांना कळलेलं असतं. अशा वेळी अनुभवी माणूस स्वतःला सावरतो, उरलेली धाव तरी स्वच्छ करतो. रुसी खाली उभा राहून हेच गृहीत धरत असेल, तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

क्लामरनं उलटं केलं. खालच्या भागात त्यानं सरावात घेतलेली लाईन सोडली आणि आधी कधी न घेतलेल्या वाटेनं, उंचावर राहून, वेग धरून ठेवत वळणात शिरला. तीन हजार वीस मीटरच्या उतारावर, ८७० मीटर खाली येताना, शेवटच्या हजारेक मीटरमध्ये त्यानं रुसीवर अर्ध्या सेकंदाहून जास्त भरून काढलं. सरासरी वेग ताशी जवळपास १०३ किलोमीटर. या वेगानं ३३ शतांश म्हणजे साडेनऊ मीटरच्या आत-बाहेर. तीन किलोमीटरच्या शेवटी, साडेनऊ मीटर.

आता घरच्या मैदानाबद्दल बोलताना हा तपशील विसरून चालणार नाही. उताराच्या ओळखीचा जो फायदा आपण वर मोजला, तो नेमका या वळणावर क्लामरनं टाकून दिला. ओळखीची लाईन त्याला रौप्यापर्यंत नेत होती. सुवर्णासाठी त्याला अनोळखी जागेत शिरावं लागलं.

रौप्याची किंमत

एरवीच्या वर्ल्ड कप शर्यतीत दुसरा क्रमांक म्हणजे भरघोस गुण. हंगाम लांब असतो, पाय शाबूत ठेवणं हाही हिशेबाचा भाग असतो. ऑलिम्पिकात रौप्य म्हणजे जन्मभराची कमाई. रुसीसारखा आधीचा विजेता, परक्या देशात, ३३ शतांशांनी दुसरा आला तर त्याच्या देशात कुणी मान खाली घालत नाही. झालंही तसंच. रुसीनं क्लामरचं मनापासून अभिनंदन केलं आणि पुढे दोघांची मैत्री टिकली.

क्लामरसाठी मात्र दुसरा क्रमांक हा निकालच नव्हता. १९६४ पासूनची वाट, श्रांत्सची जखम, आठ विजयांचा हंगाम, साठ हजार माणसं. यांतल्या कुणाच्याही लेखी रौप्य आणि पडून बाद होणं यांत फारसा फरक नव्हता. दोन्हीचा मथळा एकच लागला असता: हरला. लोकांनी त्याचा दुसरा क्रमांक आधीच काढून घेतला होता. मग खालच्या भागात जपून उतरण्यात अर्थच काय? जपून उतरून जे वाचवायचं, ते त्याच्याजवळ उरलंच नव्हतं.

अपेक्षेचं ओझं एरवी कसं काम करतं हे मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ सांगितलंय. अंगवळणी पडलेली हालचाल माणूस अचानक लक्ष देऊन करू लागतो आणि ती बिघडते. जिना उतरताना पायऱ्या मोजायला लागलं की पाय अडखळतो, तसं. घरच्या प्रेक्षकांसमोर निर्णायक सामन्यात यजमानच अडखळतात, असा दावा १९८४ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि अँड्र्यू स्टाइनहिल्बर यांनी बेसबॉल-बास्केटबॉलच्या आकड्यांवरून केला. त्यावर पुढे वादही झाले. क्लामरच्या धावेचा वरचा भाग पाहताना मला तो दावा आठवतो. तिथे तो अडखळतोय, ओढूनताणून करतोय. खालच्या भागात तो विचार करायचं सोडून देतो. अपेक्षेनं आधी त्याला बिघडवलं आणि नंतर मोकळं केलं, दोन्ही त्याच पावणेदोन मिनिटांत.

हे माझं वाचन आहे. त्याची कच्ची बाजूही सांगतो. समजा त्या नव्या लाईनवर त्याच्या स्कीच्या कडेची बर्फावरची पकड सुटली असती. मग हीच धाव आज ‘घरच्या दडपणाखाली कोसळलेला विजेता’ या मथळ्याखाली शिकवली गेली असती. तेच वाकडे हात, तीच हवेतली स्की, तोच अनोळखी मार्ग, पण सगळं घाबरल्याचं लक्षण म्हणून. धाडस आणि घबराट यांच्यात त्या वळणावर फरक होता तो पायातल्या ताकदीचा आणि थोडासा नशिबाचा. घरच्या फायद्याचे सिद्धांत निकाल लागल्यावर लिहिले जातात, आणि खाली पोचलेल्यांवरच लिहिले जातात.

म्हणून या प्रकरणातून मी एवढंच उचलतो: अपेक्षा खेळाडूला वेगवान करत नाही, ती त्याला टोकाच्या निवडीकडे ढकलते. तो आधीच सगळ्यांत वेगवान असेल तर ढकलणं फळतं. नसेल तर कुंपणात नेऊन घालतं.

दुसऱ्या डोंगरांवर

कॅनडानं २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकसाठी हा प्रश्न जवळजवळ कारखान्यासारखा सोडवायचा प्रयत्न केला. ‘ओन द पोडियम’ नावाचा कार्यक्रम, भरपूर पैसा, आणि स्पर्धास्थळांवर परदेशी खेळाडूंना मोजकाच सराव देण्याचं धोरण. त्यावर बरीच टीकाही झाली. एकूण ऑलिम्पिकात कॅनडानं १४ सुवर्णं जिंकली. अल्पाइनमध्ये? व्हिस्लरच्या उतारावर एकही पदक नाही. कॅनडाचा एरिक गे डाउनहिलमध्ये पाचवा आणि सुपर-जी या वेगाच्या दुसऱ्या शर्यतीतही पाचवा. ओळख पुरेपूर होती, अपेक्षाही पुरेपूर होती. त्या उतारावर, त्या दिवशी सर्वांत वेगवान असलेला माणूस तेवढा संघात नव्हता.

श्लाडमिंगची २०१३ ची जागतिक स्पर्धा याच्या उलट टोकाला. ऑस्ट्रिया यजमान, आणि शेवटचा दिवस उजाडेपर्यंत वैयक्तिक सुवर्ण एकही नाही. उरली होती पुरुषांची स्लॅलम. मार्सेल हिर्शर पहिल्या फेरीत आघाडीवर, म्हणून नियमाप्रमाणे दुसऱ्या फेरीत तीस जणांत सगळ्यांत शेवटी उतरणार. क्लामरसारखंच वर उभं राहून खालचा गलका ऐकत थांबायचं. हिर्शर ४२ शतांशांनी जिंकला. पण तोही आधीच्या वर्षीचा एकूण वर्ल्ड कप विजेता होता, ढकलण्याजोगा होता.

रुसीचं पुढे काय झालं हेही या संदर्भात मजेशीर आहे. तो शर्यतींचे मार्ग आखू लागला आणि त्या कामात जगभर नावाजला गेला. १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिम्पिकची बेलव्हार्ड डाउनहिल त्याचीच आखणी. तिथे फ्रान्सचा फ्रँक पिकार पाच शतांशांनी सुवर्णाला मुकला, जिंकला ऑस्ट्रियाचा पॅट्रिक ओर्टलिब. १९९४ चा लिलेहॅमरचा क्विटफ्येल उतारही त्याचाच. तिथे नॉर्वेचा शेटिल आंद्रे आमोट चार शतांशांनी हुकला आणि अमेरिकेचा टॉमी मो जिंकला. रुसीच्या उतारांवर यजमान दोनदा दुसरे आले. योगायोगच तो, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चार वर्षांनी

क्लामरनं १९७५ ते १९७८ अशी सलग चार वर्षं डाउनहिलचा वर्ल्ड कप जिंकला. १९७७ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला डाउनहिलच्याच शर्यतीत अपघात होऊन कमरेखालचं शरीर लुळं पडलं. नंतर क्लामरचा फॉर्म गेला. १९७८ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ एकही विजय नाही. इन्सब्रुकनंतरचं हिवाळी ऑलिम्पिक अमेरिकेत लेक प्लॅसिडला झालं, तेव्हा ऑस्ट्रियाच्या निवड समितीनं गतविजेत्याला संघातच घेतलं नाही. त्या देशात वेगवान माणसांची रांग मोठी होती आणि रांगेत आठवणींना जागा नव्हती. (तो परत आला. १९८१ च्या डिसेंबरात व्हाल दिझेरला जिंकला, १९८३ ला पाचव्यांदा डाउनहिलचा वर्ल्ड कप मिळवला, १९८४ ला किट्झब्यूलही. पण तो वेगळा अभ्यास आहे.)

लेक प्लॅसिडला ऑस्ट्रियानं लेओनहार्ड श्टॉक नावाच्या एका स्कीपटूला राखीव म्हणून नेलं होतं. वर्ल्ड कपची एकही डाउनहिल त्यानं तोवर जिंकलेली नव्हती. त्याच्याकडून कुणाला काही नको होतं. सरावात तो सगळ्यांपेक्षा वेगानं उतरायला लागल्यावर त्याला शर्यतीत घ्यावंच लागलं. घरापासून हजारो किलोमीटर लांब, ज्या शर्यतीत ऑस्ट्रियाचं लक्ष दुसऱ्याच नावांकडे होतं, तिथे सुवर्ण श्टॉकनं नेलं.